सिमोसुकस: मगरीच्या भावकीतला नकटा आणि त्याला ओळखायची रीत

"काका, ही मगर कशी? हिचं तोंड तर आत्याच्या पगसारखं आहे."

शेजारची सातवीतली मुलगी आमच्या पडवीत बसून सिमोसुकस या नामशेष प्राण्याचं चित्र पाहत होती. वाशिष्ठीच्या काठी वाढलेली पोर, मगर म्हणजे काय हे तिला पुस्तकातून शिकायची गरज नाही. लांब तोंड, पाण्यावर तेवढे डोळे आणि नाकपुड्या, शेपटीचा फटकारा, हे सगळं तिने पुलावरून पाहिलेलं. चित्रातला प्राणी मात्र नकटा, आखूड शेपटीचा, लांबीने जेमतेम पाऊण मीटर. तरी खाली लिहिलेलं की हा मगरीच्या भावकीतला. तिचा प्रश्न रास्त होता आणि मला एका वाक्यात उत्तर देता येईना.

मग आम्ही पुढचे काही रविवार या प्राण्याच्या मागे लागलो. ज्या क्रमाने आम्हाला तो उलगडत गेला त्याच क्रमाने इथे लिहितो आहे. जीवाश्मांचं आधी काहीही वाचलेलं नसलं तरी चालेल.

सामान फार लागत नाही. एक वही, एक भिंग, डब्यातली एक लवंग, सुरमईचा एक मणका आणि जांभ्याचा मुठीएवढा तुकडा. पेन आणि पेन्सिल मात्र दोन्ही घ्या. हाडात प्रत्यक्ष दिसतं ते पेनाने लिहायचं. हाडावरून कुणीतरी काढलेला अंदाज असेल तर पेन्सिलीने. हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा, कारण नामशेष प्राण्यांबद्दलच्या लिखाणात या दोन गोष्टी सतत एकमेकींत मिसळलेल्या असतात आणि नवख्या वाचकाला त्या वेगळ्या करता येत नाहीत.

पायरी 1: आधी जिवंत मगर नीट पाहा

चिपळूणला वाशिष्ठी किंवा महाडला सावित्री, दोन्हीकडे मगरी आहेत. थंडीच्या दिवसांत ऊन चढलं की त्या काठावर, उघड्या पडलेल्या गाळावर येऊन पडतात. पुलावरून किंवा उंच काठावरूनच पाहा. गाळात उतरू नका, दगड मारू नका, खायला टाकू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मगरीला सर्वांत वरचं संरक्षण दिलेलं आहे, आणि त्या कायद्याइतकीच महत्त्वाची तुमची स्वतःची सुरक्षितता आहे. दुर्बीण मिळाली तर उत्तम.

आपल्या नद्यांतली मगर म्हणजे गोड्या पाण्यातली मगर, शास्त्रीय नाव क्रोकोडायलस पॅलुस्ट्रिस. काही जण तिलाच सुसर म्हणतात, पण पुस्तकांत सुसर हे नाव बहुधा उत्तरेकडच्या नद्यांतल्या, निमुळत्या लांब तोंडाच्या घडियालला दिलेलं असतं. वाचताना हा घोळ लक्षात असू द्या. भारतातली तिसरी जात खाऱ्या पाण्यातली. ती ओडिशाच्या भितरकनिका भागात, सुंदरबनात आणि अंदमानात आहे.

वहीत चार गोष्टी लिहा. नाकपुड्या तोंडाच्या अगदी टोकाला आणि वरच्या बाजूला आहेत. तोंड मिटलेलं असतानाही खालच्या जबड्यातला चौथा दात बाहेरून दिसतो. पाठीवर हाडाच्या पट्ट्यांच्या ओळी आहेत, पोट मात्र मऊ. शेपटी लांब आणि दोन्ही बाजूंनी चपटी, वल्ह्यासारखी.

घरी आल्यावर जांभ्याचा तुकडा भिंगाखाली धरा. वर जे बारीक-मोठे खळगे दिसतात, तसाच काहीसा पोत मगरीच्या कवटीच्या हाडांवर असतो. एखाद्या संग्रहालयात मगरीची कवटी पाहायला मिळाली तर पहिल्यांदा हा पोत शोधा. सिमोसुकसच्या कवटीवरही तो आहे. सातवीतल्या आमच्या मैत्रिणीला पटलेला पहिला पुरावा हाच होता, कारण तो तिने बोटाने चाचपडून पाहिला होता.

पायरी 2: भावकी कशावरून ठरते ते पक्कं करा

गावात एकाच आडनावाची दोन घरं असतात, पण ती एका भावकीतली असतीलच असं नाही. उलट मुंबईला तीन पिढ्या राहिलेला, बोली विसरलेला माणूस गणपतीला गावी येतो तेव्हा चेहरामोहरा सगळा वेगळा, तरी तो भावकीतलाच. कारण मूळपुरुष एक. प्राण्यांच्या वर्गीकरणाचा आजचा नियम नेमका हाच आहे: एका पूर्वजापासून आलेले सगळे एका गटात, मग ते दिसायला कसेही असोत.

पूर्वज तर कुणी पाहिलेला नाही. मग गट ठरवायचा कसा? त्या पूर्वजात नव्याने आलेल्या आणि वंशजांनी पुढे नेलेल्या खुणांवरून. "नव्याने" हा शब्द इथे फार महत्त्वाचा आहे. चार पाय ही खूण मगर ओळखायला उपयोगाची नाही, कारण चार पाय बेडकाला, गायीला आणि घोरपडीलाही आहेत. ती फार जुनी मिरास झाली.

याचा एक धक्का देणारा परिणाम सांगतो. आपल्या कुंपणावरची घोरपड मगरीसारखी दिसते. कावळा अजिबात दिसत नाही. पण मगरीची जवळची नातेवाईक घोरपड नव्हे, कावळा. आज जिवंत असलेल्या प्राण्यांत मगरींच्या सर्वांत जवळ पक्षी आहेत. दोघांच्या हृदयाला चार पुरे कप्पे असतात, घोरपडीच्या हृदयात खालचा कप्पा तसा पुरता विभागलेला नसतो. पक्षी, डायनासोर आणि मगरींची भावकी मिळून जो मोठा गट होतो त्याला आर्कोसॉरिया म्हणतात.

दिसण्यावर जाऊन फसायचं दुसरं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. तेलंगणात मालेरी नावाच्या खडकांच्या थरांत परासुकस हिस्लोपी नावाचा प्राणी सापडला. त्याला नाव नागपूरला राहिलेल्या स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्यावरून मिळालं. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत त्याचे सांगाडे आहेत. लांब निमुळतं तोंड, टोकदार दात, पाठीवर पट्ट्या. पहिल्या नजरेत कुणीही त्याला घडियाल म्हणेल. आता नाकपुड्या शोधा. त्या तोंडाच्या टोकाला नाहीत, मागे डोळ्यांजवळ, उंचवट्यावर आहेत. हा प्राणी फायटोसॉर नावाच्या वेगळ्याच घराण्यातला, 20 कोटी वर्षांहून जुना, आणि त्याचं तोंड पाण्यात मासे धरता धरता स्वतंत्रपणे तसं झालेलं. आडनाव सारखं, भावकी वेगळी.

वहीचं एक पान असं करा: डावीकडे परासुकस, उजवीकडे सिमोसुकस. एक मगरीसारखा दिसतो आणि मगरींच्या घरातला नाही, दुसरा दिसत नाही आणि घरातला आहे. हे पान तयार झालं की पुढचं सोपं जातं.

पायरी 3: थोरल्या घरापासून धाकट्या घरापर्यंत या

आता वरून खाली उतरायचं. नावं लांबलचक आहेत, एका बैठकीत पाठ करू नका. प्रत्येक नावासमोर एकच खूण लिहा, म्हणजे नाव आपोआप लक्षात राहतं.

आर्कोसॉरियाच्या आत दोन मोठ्या शाखा. एक डायनासोर आणि पक्ष्यांकडे जाणारी, दुसरी मगरींकडे जाणारी, तिचं नाव स्यूडोसुकिया. या दुसऱ्या शाखेच्या आत क्रोकोडायलोमॉर्फा. त्यांची खूण मनगटात. आपल्या मनगटात आठ लहान हाडं असतात, खड्यांसारखी. मगरीच्या मनगटातली दोन हाडं मात्र चांगली लांबट झालेली असतात. मगरीचा सांगाडा समोर आला की पुढच्या पायात ती सहज दिसतात.

त्याच्या आत क्रोकोडायलीफॉर्मीस. यांची कवटी घट्ट, एकजीव, आणि डोळ्यांमागे तिचा माथा सपाट, पाट ठेवल्यासारखा. त्याच्या आत मेसोयुक्रोकोडायलिया, आणि यांची खूण टाळूत.

टाळूकडे जरा थांबून पाहू. जिभेचं टोक दातांमागून वर लावून मागे सरकवा. आधी कडक लागतं, मग मऊ. तो कडक भाग म्हणजे नाकाची वाट आणि तोंडाची वाट यांच्यामधली हाडाची भिंत. मगरींच्या पूर्वजांत ही भिंत हळूहळू मागे वाढत गेली. मेसोयुक्रोकोडायलियात टाळूची मधली दोन हाडंही त्या भिंतीत सामील झालेली असतात. आजच्या मगरीत तर ती इतकी मागे गेली आहे की नाकाची वाट थेट घशाशी, कवटीच्या पार मागच्या हाडात उघडते. म्हणूनच मगर तोंडात भक्ष्य धरून पाण्यात पडून राहते आणि नाकपुड्या वर ठेवून श्वास घेते. सिमोसुकसमध्ये भिंत आहे, पण ते मागचं दार आजच्या मगरीइतकं मागे गेलेलं नाही. म्हणजे तो या घरापर्यंत आत आला आहे, पण आजच्या मगरींच्या खोलीत नाही.

इथे घराच्या दोन मोठ्या वाटण्या होतात. एक निओसुकिया, आजची मगर, अ‍ॅलिगेटर, घडियाल हे सगळे तिच्या आतल्या एका लहान खोलीत बसतात. दुसरी नोटोसुकिया, "दक्षिणेकडच्या मगरी" अशा अर्थाचं नाव. या वाटणीचं नाव ज्यावरून पडलं तो नोटोसुकस टेरेस्ट्रिस अर्जेंटिनातला. त्याचं वर्णन आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी 1896 मध्ये केलं. सिमोसुकस या दुसऱ्या वाटणीतला. ही सगळी वाटणी आज नामशेष आहे. म्हणून त्याला "मगर" न म्हणता "मगरीच्या भावकीतला" म्हणायचं. एका प्रदर्शनात तक्त्यावर मी त्याच्या चित्राखाली "डायनासोर" लिहिलेलं पाहिलं आणि फार वाईट वाटलं, कारण तिथे आलेली शाळेची मुलं तेच वहीत उतरवून घेत होती.

पायरी 4: सुरमईचा मणका

ही पायरी स्वयंपाकघरात करायची. तुकडी खाऊन झाल्यावर मधला मणका फेकू नका. गरम पाण्यात उकळा, जुन्या दातांच्या ब्रशने घासा आणि वाळवा. आता त्याचं एक टोक पाहा: वाटीसारखं खोलगट. दुसरं टोक पाहा: तेही खोलगट. दोन्ही बाजूंना वाट्या असलेला मणका.

आजच्या मगरीचा मणका असा नसतो. त्याच्या पुढच्या टोकाला वाटी आणि मागच्या टोकाला गोळा असतो. एकाचा गोळा त्याच्या मागच्या मणक्याच्या वाटीत बसतो, उखळात मुसळ बसावं तसा. मगरींच्या आजच्या घराची ही ठळक खूण आहे. सिमोसुकसच्या मणक्यांना असे गोळे नाहीत. त्यांची दोन्ही टोकं खोलगट, म्हणजे ढोबळ आकाराने तुमच्या हातातल्या सुरमईच्या जवळची.

इथे लगेच घाई होते. आमच्याही मैत्रिणीने विचारलं, "मग तो माशाच्या भावकीतला का नाही?" दुसऱ्या पायरीवर परत जा. दोन्हीकडे वाट्या असलेला मणका ही जुनी मिरास आहे. जुन्या मिराशीने भावकी सिद्ध होत नाही. तिने एवढंच कळतं की गोळा-वाटीचा नवा बदल सिमोसुकसच्या वाटणीपर्यंत पोचलेला नव्हता. तिने हे वहीत स्वतःच्या शब्दांत लिहिलं: "वाटी जुनी, गोळा नवा." याहून चांगलं मला सांगता आलं नसतं.

पायरी 5: नाकापासून शेपटीपर्यंत सिमोसुकस

आता खुद्द प्राणी. मादागास्करच्या वायव्य भागात महाजंगा खोरं आहे. तिथल्या मायेवारानो थरांत तो सापडला. ते थर डायनासोरांच्या क्रेटेशियस काळाच्या अगदी शेवटच्या टप्प्यातले, सुमारे 7 ते 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे. 2000 मध्ये ग्रेगरी बकली, क्रिस्टोफर ब्रोशू, डेव्हिड क्रॉस आणि डिएगो पोल यांनी "नेचर" या नियतकालिकात त्याचं वर्णन केलं आणि नाव दिलं सिमोसुकस क्लार्की. शास्त्रीय नावात पहिला शब्द वंशाचा, दुसरा जातीचा. ग्रीक "सिमोस" म्हणजे नकटा, आणि "सुकस" हा शब्द इजिप्तच्या मगरदेवाच्या ग्रीक नावावरून आलेला. नकटी मगर. "क्लार्की" हे मगरींच्या वंशावळीवर काम करणाऱ्या जेम्स क्लार्क यांच्या सन्मानार्थ. पुढे आणखी सांगाडे मिळाले आणि 2010 मध्ये कवटी, मणके, हातपाय, चिलखत असा एकेका भागावर स्वतंत्र अभ्यास असलेला अख्खा ग्रंथ या एका प्राण्यावर निघाला. नामशेष प्राण्यांपैकी फार थोड्यांच्या वाट्याला इतकी बारकाई येते. नवख्याने सुरुवात याच्यापासून करावी असं मी म्हणतो, त्याचं हेच कारण. अर्धवट तुकड्यांवरून ओळख पटवण्याची कसरत इथे नाही.

नाक. तोंड आखूड, रुंद, उंच आणि पुढून बोथट. नाकपुड्या पुढच्या बाजूला उघडतात, मगरीसारख्या वर नाहीत. डोळे बाजूंना. पाण्यात दबा धरून बसणाऱ्याला डोळे आणि नाकपुड्या वरच्या बाजूला एका पातळीत हव्या असतात. याच्याकडे ती मांडणीच नाही. पेनाने लिहा: नाकपुड्या पुढे. पेन्सिलीने लिहा: जमिनीवर राहणारा.

दात. आता लवंग काढा. खाली बारीक दांडी, वर फुगलेलं डोकं, आणि डोक्यावर चार पाकळ्यांची टोकं. सिमोसुकसच्या गालाकडच्या दातांना शास्त्रज्ञांनी हीच उपमा दिली आहे. मुळाशी अरुंद, वर पसरट, आणि कडेवर ओळीने बारीक उंचवटे. चिलखतवाल्या अँकिलोसॉर डायनासोरांचे दात असेच असत, आणि ते पाला खाणारे. मगरीचा दात याच्या शेजारी मनात ठेवून पाहा: साधा शंकू, धरून ठेवायला. तो चावायच्या कामाचा नाही. म्हणून मगर भक्ष्य चावत बसत नाही, तुकडा तोडून गिळते.

दातांवरून आहार सांगणं हा अंदाजच, पण भक्कम अंदाज. 2019 मध्ये कीगन मेलस्ट्रॉम आणि रँडल अर्मिस यांनी नामशेष मगरकुळातल्या अनेक जातींच्या दातांची गुंतागुंत मोजली आणि निष्कर्ष काढला की या कुळात शाकाहार किमान 3 वेळा स्वतंत्रपणे आला. जितका दात गुंतागुंतीचा, तितका आहारात पाला जास्त, हे त्यांनी आजच्या प्राण्यांवरून ताडून घेतलं होतं. आमच्या पानावर "पाला खाणारा" हे शब्द पेन्सिलीने आहेत, पण चांगले दाबून लिहिलेले.

चिलखत. इथे खवल्या मांजराची आठवण होणारच, कोकणात ते आपल्याला परिचयाचं आहे. फरक समजून घ्या. खवल्या मांजराची खवलं शिंगासारख्या द्रव्याची, आपल्या नखांच्या जातीची. मगरीच्या आणि सिमोसुकसच्या पट्ट्या हाडाच्या, कातडीच्या आत तयार झालेल्या. त्यांना अस्थिपट्ट म्हणू. म्हणूनच त्या जीवाश्म होऊन टिकतात. आपल्या मगरीत त्या मुख्यतः पाठीवर. सिमोसुकसमध्ये मान, पाठ, शेपटी, पोट आणि हातपायांवरसुद्धा. कुठल्याही चित्रात त्याचे पाय उघडे, मऊ कातडीचे दाखवले असतील तर चित्रकाराने 2010 चा अभ्यास पाहिलेला नाही असं समजा.

शेपटी. मानेत 8 मणके, कमरेला श्रोणीशी जोडलेले 2, आणि शेपटीत 20 पेक्षा जास्त नाहीत. आजच्या मगरीच्या शेपटीत 30 हून अधिक असतात. मगर पोहते ती शेपटीच्या जोरावर. इतक्या आखूड शेपटीचा प्राणी पाण्यात काय वेग घेणार? नाक, डोळे आणि शेपटी, तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात, म्हणून "जमिनीवर राहणारा" हे पेन्सिलीचं वाक्य मला जवळजवळ पेनाइतकं पक्कं वाटतं.

बिळांचं मात्र तसं नाही. बोथट नाक आणि भक्कम डोकं पाहून पहिल्या वर्णनात असा विचार मांडला गेला की हा माती उकरून बिळात राहत असावा. जुन्या लेखांत आणि चित्रांत तुम्हाला बिळातला सिमोसुकस अजून दिसेल. हातपायांची हाडं तपशिलाने तपासली गेली तेव्हा खोदणाऱ्या प्राण्यांत असते तशी खास घडण त्यांत फारशी आढळली नाही. आमच्या वहीत "बिळात राहणारा" असं लिहिलेलं होतं, ते खोडलं. पेन्सिलीने लिहिलेलं असल्यामुळे पान खराब झालं नाही.

पायरी 6: शेजारीपाजारी

याच थरांत त्याच्याबरोबर आणखी मगरकुळातले होते. महाजंगासुकस मोठा, रुंद जबड्याचा. अरारिपेसुकस अंगाने सडपातळ. त्याचे भाऊबंद दक्षिण अमेरिका आणि आफ्रिकेतही सापडले आहेत. मांसाहारी डायनासोर मजुंगासॉरस तिथलाच. इतका मोठा शिकारी शेजारी असताना पाऊण मीटरच्या प्राण्याला पायांपर्यंत चिलखत का लागलं असेल, हे तुम्हीच ठरवा, पेन्सिलीने.

नोटोसुकियाच्या वाटणीत दातांची विविधता थक्क करणारी आहे. ब्राझीलच्या बाउरुसुकसचे दात बाजूंनी चपटे आणि कडेला खवणीसारखे दातेरी, मांस कापायला केलेले. टांझानियातला पाकासुकस 2010 मध्ये नोंदवला गेला. मागच्या दाढा एकमेकींवर बसणाऱ्या, जवळपास सस्तन प्राण्यांसारख्या, म्हणून त्याला स्वाहिलीतल्या "पाका" म्हणजे मांजर या शब्दावरून नाव. आपण "मगर" म्हणताना जेवढं डोळ्यांसमोर आणतो, तो या भावकीचा आज उरलेला एक कोपरा आहे.

सिमोसुकस या वाटणीत नेमका कुणाच्या शेजारी बसतो यावर मतं एक नाहीत. पहिल्या अभ्यासात उरुग्वायसुकस हा जवळचा ठरला. नंतरच्या वंशवृक्षांत त्याची जागा सरकत राहिली. याने गोंधळू नका. खुणांची यादी थोडी बदलली, एखादा नवा प्राणी यादीत आला, की फांद्या हलतात. वंशवृक्ष वाचताना फांद्यांची टोकं किती जवळ छापली आहेत ते बघू नका, दोन फांद्या खाली कुठे जुळतात ते बघा. जुळण्याची जागा जितकी वर, तितकं नातं जवळचं.

पायरी 7: आपला किनारा आणि मादागास्कर

आमच्या मैत्रिणीने अलिबागच्या किनाऱ्यावर उभं राहून विचारलं होतं, "मादागास्कर इथून कुठे?" नैऋत्येला, अरबी समुद्र ओलांडून खूप दूर. पण एके काळी ती भूमी भारताला चिकटलेली होती. सुमारे 8.8 कोटी वर्षांपूर्वी दोन्ही वेगळ्या झाल्या आणि भारत उत्तरेकडे सरकू लागला. सिमोसुकस त्यानंतरचा.

तरी त्याचं नातं इकडेही दिसतं. तामिळनाडूत कावेरी खोऱ्यातल्या कल्लमेडू थरांतून सिमोसुकसशी जुळणारे दात मिळाल्याची नोंद जी. व्ही. आर. प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये केली. भूमी एक असतानाच या घराण्याचे पूर्वज दोन्हीकडे पसरलेले असावेत, हा मला सगळ्यांत सरळ वाटणारा अर्थ. अर्थात पेन्सिलीने. पूर्ण कवटी मिळेपर्यंत त्या दातांना सिमोसुकस न म्हणता "सिमोसुकससारखा" एवढंच म्हणायचं.

मग कोकणात असं काही सापडेल का? हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. आपला काळा कातळ म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतला गेलेला लाव्हा. सिमोसुकसच्या जगाच्या अखेरीस इथे हे चाललं होतं. तापलेल्या लाव्ह्यात हाडं टिकत नाहीत. सड्यावरचा जांभा त्याच कातळाच्या झिजण्यातून तयार झालेला. पावसाने त्यातलं बरंच काही धुऊन नेलं आणि लोह मागे राहिलं. जांभ्यात अंड्यासारखं किंवा हाडासारखं काही दिसलं तर ती बहुतेक लोहाची गाठ असते. आशा ठेवायची तर दोन लाव्ह्यांच्या मधल्या तळ्यांच्या गाळात. उत्तर कोकणात, मुंबईच्या वरळीला, अशाच गाळात छोट्या बेडकांचे सांगाडे सापडले. रिचर्ड ओवेन यांनी 1847 मध्ये त्यांचं वर्णन केलं आणि आज त्या बेडकाला इंडोबॅट्रॅकस म्हणतात. विदर्भात लाव्ह्याच्या खालचे थर उघडे आहेत, चंद्रपूर जिल्ह्यातलं पिसदुरा तिथल्या डायनासोरांच्या हाडांसाठी प्रसिद्ध आहे.

काही सापडलंच तर उकरू नका. शेजारी नाणं ठेवून फोटो घ्या, जागा लिहून ठेवा, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण किंवा जवळच्या महाविद्यालयाचा भूशास्त्र विभाग गाठा. थरातून काढलेल्या हाडाची अर्धी माहिती थरातच राहून जाते.

पायरी 8: स्वतःचं पान

शेवटी एक पान सिमोसुकसचं, समोर एक आपल्या मगरीचं, आणि ओळी दोन्हीकडे त्याच: नाकपुड्या, दात, टाळूचं दार, मणक्याची टोकं, मनगट, अस्थिपट्ट, शेपटी. पुढे कुठलाही नवा मगरकुळातला प्राणी वाचनात आला की त्याच ओळी भरत जा. ज्या ओळी भरता येणार नाहीत त्या रिकाम्या ठेवा. बहुतेक नामशेष प्राण्यांच्या पानावर अर्ध्याहून अधिक ओळी रिकाम्या राहतात, कारण ते हाडच मिळालेलं नसतं.

आमच्या मैत्रिणीच्या वहीत सिमोसुकसचं पान आता भरलं आहे. नकटं नाक, लवंगी दात, पायांवरचे अस्थिपट्ट, आखूड शेपटी, "मगरीच्या भावकीतला", हे सगळं निळ्या पेनाने. "नोटोसुकियात कुणाच्या शेजारी" या ओळीपुढे पेन्सिलीने एक नाव आहे, दोनदा खोडून लिहिलेलं, आणि शेजारी खोडरबराने कागद थोडा पातळ झाला आहे.